सगळं हलतंय, पण हसू येत नाही: घरी केलेल्या कार्टूनची नेहमीची तक्रार आणि तिचा इलाज

घरी कार्टून करणाऱ्या मुलांची तक्रार माझ्याकडे जवळजवळ एकाच शब्दांत येते: "दादा, सगळं हलतंय, पण कुणी हसतच नाही. काय चुकतंय?" सोबत वीस-तीस सेकंदांची फाईल. कुणी फ्लिपाक्लिप या मोबाईल अॅपवर केलेली असते, कुणी क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एखादा हुशार ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या ग्रीस पेन्सिलपर्यंत पोचलेला असतो. चित्रं बहुतेक वेळा चांगली असतात. विनोदही तोंडी सांगितला तर बरा असतो. आणि तरी बघणारा शेवटी "छान आहे हं" म्हणतो. कार्टूनला याहून वाईट दाद नाही.

यावर बहुतेक मुलं एकच औषध घेतात, ते म्हणजे आणखी फ्रेम काढणं. हालचाल गुळगुळीत नाही म्हणून मजा येत नाही, अशी समजूत. मग सेकंदाला बारा चित्रं होती त्यांची चोवीस होतात, अख्खी सुट्टी त्यात जाते आणि कार्टून आणखी मिळमिळीत होतं. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत हालचाल कमी पडलेली क्वचितच दिसते. कमी पडतो तो थांबा. पात्र कुठे थांबतच नाही, म्हणून ते विचार करताना दिसत नाही. आणि ज्याच्या डोक्यात काही चाललेलंच नाही, त्याच्या फजितीला कोण हसणार?

आधी तपासणी

दुरुस्तीला हात घालायच्या आधी आवाज पूर्ण बंद करा आणि फाईल अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही. घरातली आजी सगळ्यात उत्तम, कारण तिला तुमचं मन राखायची सवय असली तरी न कळलेलं कळल्यासारखं दाखवायची नसते. तिला "कसं वाटलं?" विचारू नका, "काय झालं?" विचारा. तिने सांगितलेली गोष्ट आणि तुमच्या डोक्यातली गोष्ट जिथे वेगळी होते, तिथे बिघाड आहे.

दुसरी तपासणी याहून कोरडी. महत्त्वाच्या पोझवर थांबा आणि पात्राचा लेयर अख्खा काळ्या रंगाने भरा. नुसत्या काळ्या आकृतीवरून तो माणूस काय करतोय हे कळलं पाहिजे. चमचा धरलेला हात पोटासमोर असेल तर काळ्या आकृतीत तो गडप होतो. हात बाजूला घ्या, कोपर बाहेर काढा, काम झालं. मोबाईलच्या पडद्यावर तर याला पर्यायच नाही.

पुढचं सगळं एकाच नमुन्यावर दाखवतो. आमच्या इंदूरला शोभेल असाच आहे: पोह्याच्या दुकानासमोर दोन माणसं उभी आहेत. काका पोह्यांवर शेव घेतात, वर जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) भुरभुरतात, ते नाकात जातं, काका शिंकतात आणि त्यांच्या बशीतली शेव उडून शेजारच्या मिशाळ माणसाच्या मिशीत बसते. मिशाळ ती जिभेने काढून खातो आणि म्हणतो, "जीरावन कम है, भिया." (भिया म्हणजे इंदुरी बोलीतला भाऊ.) बस. एवढ्यात अॅनिमेशनचे बहुतेक सगळे रोग दाखवता येतात.

झांकीचा रोग

अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यावरून ज्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे चित्ररथ, जातात, त्यातले मोटरवर चालणारे पुतळे आठवा. हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे. भीम गदा उगारतो तो ज्या वेगात, त्याच वेगात शेजारची यशोदा लोणी घुसळते. झांकीत ते खपतं, तिथे रोषणाई असते, गर्दी असते, पुढची झांकी यायची असते. तुमच्या कार्टूनमध्ये तेच झालं की पात्राच्या आत मोटर आहे हे पहिल्या पाच सेकंदांत कळतं.

हा रोग येतो ट्वीनमधून, म्हणजे मधली चित्रं सॉफ्टवेअरकडून भरून घेण्यातून. हात इथे आणि हात तिथे अशा दोन की-फ्रेम दिल्या की सॉफ्टवेअर मधलं अंतर सारखं वाटून टाकतं, निदान तुम्ही त्याला वेगळं काही सांगितलं नसेल तर. हाताने चित्रं काढणारेही हेच करतात: ऑनियन स्किन (मागचं-पुढचं चित्र पुसट दाखवणारी सोय) लावून दोन चित्रांच्या बरोब्बर मधे तिसरं. दिसायला नीटस, बघायला मेलेलं.

इलाज: एकूण फ्रेम तेवढ्याच ठेवा, अंतरं बदला. नेहमीच्या हालचालीत दोन्ही टोकांपाशी चित्रं दाटीने आणि मधे विरळ. पडणाऱ्या वस्तूला फक्त सुरुवातीला दाटी, पुढे अंतर वाढत जाणार. इथे अंदाजाने काम करायची गरजच नाही. गॅलिलिओच्या काळापासून माहीत आहे की पडणारी वस्तू सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. कागदाच्या कडेला या खुणा करून घ्या आणि वस्तू त्या खुणांवर बसवा. एक मीटर पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात ११ फ्रेम. मुलं बशी पडायला ३० फ्रेम देतात आणि मग ती चंद्रावर पडल्यासारखी का दिसते असं विचारतात.

पटत नसेल तर रात्री सराफ्यात जा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की खाण्याची लागतात, आणि तिथे दहीवड्याचा दोना (द्रोण) हवेत उडवून झेलायची जुनी करामत बघायला मिळते. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये ती टिपा आणि घरी येऊन एकेक फ्रेम पुढे करत बघा. दोना वर जायच्या आधी हात खाली जातो, गुडघे किंचित वाकतात. दोना सुटतो तेव्हा झटक्यात सुटतो. आणि वर पोचल्यावर तो रेंगाळतो: हवेत असण्याच्या एकूण वेळातला अर्धा वेळ तो उंचीच्या वरच्या पाव भागातच असतो. हे नुसतं डोळ्यांना वाटत नाही, गणितानेही तेवढंच येतं. आता कॅमेरा फिरवून बघणाऱ्यांकडे बघा. सगळ्यांच्या हनुवट्या वर गेलेल्या, तोंडं उघडी. दोना हवेत असेपर्यंत कुणी काही खात नाही. तुमच्या कार्टूनमध्ये दोन्ही गोष्टी हव्यात, पण मुलं दोना काढतात आणि हनुवट्या विसरतात.

पात्र हलतं, पण त्याला काही सुचत नाही

खरी मेख इथे आहे. झांकीचा रोग बरा झाला तरी हसू येईलच असं नाही, कारण हसू हालचालीला येत नाही. काका शिंकले याला कुणी फारसं हसणार नाही, शिंका सगळेच शिंकतात. हसू येतं ते मिशाळ माणसाला काय झालंय हे त्याच्या आधी आपल्याला कळतं तेव्हा, आणि मग त्याला कळताना आपण बघतो तेव्हा.

माझ्याकडे येणाऱ्या फाईलमध्ये हा प्रसंग असा असतो: शेव उडते, मिशीवर बसते, लगेच मिशाळाचं तोंड रागाने लाल, डोक्यातून वाफ. आठ फ्रेममध्ये सगळं. बघणाऱ्याला शेव दिसायच्या आतच राग आलेला असतो.

मी तो असा बसवायला सांगतो. शेव मिशीवर बसते. मिशाळ स्तब्ध. पूर्ण एक सेकंद, २४ फ्रेम, तो हलत नाही. फक्त मिशीतून लोंबणारी शेवेची एक काडी हेलकावे खाते, आधी मोठा हेलकावा, मग लहान, मग स्थिर. (ही काडी नसेल तर व्हिडिओ अडकला असं वाटतं, म्हणून थांबलेल्या पात्राजवळ एखादी बारीक गोष्ट जिवंत ठेवायची असते.) मग पापण्या एकदा मिटतात: मिटायला दोन फ्रेम, मिटलेल्या दोन, उघडायला तीन. मग नुसती बुबुळं खाली मिशीकडे. डोकं नाही, फक्त बुबुळं. ती तिथे आठ-दहा फ्रेम टेकतात. मग बुबुळं काकांकडे. आता कुठे डोकं वळतं. मग जीभ.

या क्रमात एक चेहरा, तीन जोड्या पापण्या आणि सरकणारी बुबुळं एवढंच काम आहे. शिंकेला जितकी चित्रं लागली त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. आणि हसू इथेच येतं.

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे: आधी डोळे, दोन-तीन फ्रेमनंतर डोकं, मग खांदे, मग बाकीचं शरीर. डोकं वळताना ते सरळ रेषेत सरकवू नका. मधे हनुवटी थोडी खाली जाऊन पुन्हा वर येऊ दे आणि त्याच मधल्या जागी पापणी लववा. माणसं मान बरीच वळवताना बहुधा डोळे मिचकावतात. बसमध्ये समोरच्याला न कळू देता बघा.

थांबा किती द्यायचा याला सूत्र नाही, पण हे प्रकरण किती बारीक असतं ते सांगतो. अमेरिकन कार्टूनकार चक जोन्स यांच्या कोल्ह्यासारख्या त्या कायॉटीला कड्यावरून पडायची खोडच होती. तो दरीत दिसेनासा झाल्यानंतर खाली धूळ उडेपर्यंत १४ फ्रेम जायला हव्यात असा जोन्स यांचा हिशेब होता. तेरालाही हसू येत नाही, पंधरालाही नाही, असं ते सांगत. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. तुमचं उत्तर १४ नसेल, पण ते ऐकून-बघूनच सापडेल: आठ फ्रेमचा थांबा लावून बघा, मग सोळाचा, मग चोवीसचा. तिन्ही फाईल एकामागोमाग एखाद्याला दाखवा. थांबा बदलायला नवीन चित्र काढावं लागत नाही, टाइमलाइनवर एक्स्पोजर, म्हणजे ते चित्र किती फ्रेम दिसणार ती लांबी, ओढायचा असतो. सगळ्या दुरुस्त्यांत ही सगळ्यात स्वस्त आणि लोक हिच्याकडेच सगळ्यात शेवटी येतात.

शिंक येते पण धक्का बसत नाही

मोठ्या हालचालीच्या आधी उलट दिशेची छोटी हालचाल लागते. उडी मारायची तर आधी बसावं लागतं, ठोसा द्यायचा तर हात मागे न्यावा लागतो. शिंकेला ही सोय निसर्गानेच करून दिली आहे: "आ… आ… आ…" म्हणत माणूस मागे जातो आणि मग "छी" करून पुढे येतो.

मुलं तिन्ही "आ" सारखे काढतात. पहिल्यात नुसत्या नाकपुड्या फुगू द्या, आठ फ्रेम. दुसऱ्यात डोळे बारीक आणि डोकं मागे, बारा. तिसऱ्यात अख्खे काका कमरेतून मागे, टाचांवर, चमचा हवेत, वीस. आणि शिंक फक्त दोन फ्रेम, त्यातली एक नुसती फराटा मारलेली: नाक, मिशा, टोपी सगळं पुढे ओढल्यासारखं. थांबवून बघितली तर ती फ्रेम भयानक दिसते. दिसू दे, ती थांबवून बघायची नसते.

हे नीट जमलं की मग एक लबाडी करा. तिसऱ्या "आ" ला शिंक येतच नाही. काका टाचांवर तसेच थांबतात. नाक चाचपतात. गेली. सुटलो असा चेहरा, चमचा तोंडाकडे निघतो, आणि अर्ध्या वाटेत, कसलीही तयारी न दाखवता, शिंक. आधीच्या तीन "आ"नी बघणाऱ्याला शिकवलं होतं की शिंक कशी येते, आणि तुम्ही त्याचाच फायदा घेतलात. तयारी दाखवल्याशिवाय ही लबाडी चालत नाही, म्हणून तिन्ही "आ" मनापासून काढावे लागतात.

सगळं रबराचं

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. आता ती सगळ्यांना पाठ असतात, आणि पहिलं तत्त्व दबण्या-ताणण्याचं असल्यामुळे लोक तिथेच मुक्काम ठोकतात. काका दबतात, बशी दबते, कढईसुद्धा दबते. कढई दबली की काकांच्या पोटाची गंमत गेली. एका शॉटमध्ये एकच गोष्ट मऊ ठेवा आणि ती दबताना रुंद, ताणताना बारीक होऊ द्या, म्हणजे तिचं आकारमान तेवढंच वाटेल. नुसती लांब केली तर ती फुगतेय असं वाटतं. यावर एवढंच.

चेहरा बोलत नाही

पात्राचा एकच हसरा चेहरा आणि भुवया वर-खाली करून चालवलेलं सगळं, हा प्रकार मोबाईल अॅपमध्ये जास्त दिसतो. यावर जुना सराव आहे: पिठाचं अर्धं भरलेलं पोतं काढायचं. ना डोळे, ना तोंड, नुसती चार टोकं. ते पोतं दमलेलं काढा, रुसलेलं काढा, चोरून काही बघतंय असं काढा. वरची दोन टोकं खांदे होतात, खालची पाय, आणि मधला भार कुठे साचलाय यावर सगळा भाव ठरतो. दमलेल्या पोत्याचा भार खाली बसलेला, फुशारकी मारणाऱ्याचा वर छातीत. दादासाहेब फाळक्यांनी तर शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या हलवून फिल्म केली होती आणि आगकाडीला कुठला आलाय चेहरा. आठवडाभर पोतं काढून परत काकांकडे या. शिंक यायच्या आधीच ते जिवंत झालेले असतील.

चेहऱ्यावर परत आल्यावर दोन गोष्टी. एक, दोन्ही बाजू सारख्या काढू नका, विशेषतः क्रितातला आरशाचा टूल चेहऱ्याला बंद ठेवा. संशय म्हणजे एक भुवई वर आणि एक डोळा बारीक, दोन्ही नाही. दुसरं, भाव काढून झाला की त्याच्या शेजारी तोच दुप्पट जोरात काढा आणि मग तिप्पट. बहुतेक वेळा तिसरा फार होतो आणि दुसरा बरोबर निघतो, आणि तुमचा पहिला, जो तुम्ही कार्टूनमध्ये टाकणार होतात, तो या दोघांशेजारी पासपोर्टच्या फोटोसारखा दिसायला लागतो.

ओठ आणि आवाज जमत नाहीत

इथे मुलं प्रत्येक अक्षराला नवीन तोंड काढतात आणि पात्र चघळत बोलल्यासारखं दिसतं. चार-पाच तोंडं पुरतात, पण त्यातलं एक चुकून चालत नाही: मिटलेलं. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेच पाहिजेत. (इंग्रजी वळणाने जिथे फ म्हणतो तिथे, आणि व ला, खालचा ओठ वरच्या दातांकडे.) बाकीच्या अक्षरांत थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाला कळत नाही, म ला उघडं तोंड मात्र आजीलाही कळतं.

"जीरावन कम है, भिया" घ्या. जी: रुंद आणि जवळजवळ मिटलेले दात. रा: उघडं. व: ओठ दाताला. न आणि क साठी काही बदलू नका, किंचित मिटवत आणा. कम मधला म: घट्ट मिटलेलं, निदान दोन फ्रेम. है: रुंद. भि: पुन्हा मिटून रुंद. या: उघडं, आणि तसंच थोडा वेळ राहू द्या. एवढ्यात वाक्य झालं. मिटलेलं तोंड आवाजाच्या एक फ्रेम आधी आलं तरी चालतं, उशिरा आलं तर खटकतं.

तरी ही कटकट नको असेल तर पात्राला मोठी मिशी द्या, तोंड तिच्याखाली जातं आणि मिशीच वर-खाली करायची राहते. आमचा मिशाळ अशा आळसातूनच जन्माला आला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आवाज मात्र आधी ध्वनिमुद्रित करा आणि मग चित्रं काढा. "जीरावन कम है" हे रागाने म्हटलं तर विनोद मेला. ते अगदी सपाट, चव घेऊन अभिप्राय दिल्यासारखं यायला हवं. घरातल्या ज्या माणसाला अभिनय येत नाही त्याच्याकडून म्हणवून घ्या.

फोनवर मजा येते, हॉलमध्ये येत नाही

हे बऱ्याचदा कार्टूनचं दुखणं नसतं. गणेशोत्सवात प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडलेला असतो आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. दोनशे मिलिसेकंदांचा उशीर धरला तर २४ च्या हिशेबात जवळजवळ पाच फ्रेम. तुम्ही दोन फ्रेमची शिंक बसवली होती आणि तिचा आवाज शेव मिशीत बसल्यावर येतोय. वायर लावा. वायर नसेलच तर ज्या लॅपटॉपवर, ज्या स्पीकरवर दाखवायचं आहे तिथे आधी जाऊन बघा आणि तेवढ्यापुरती आवाजाची पट्टी चित्राच्या थोडी आधी आणलेली वेगळी फाईल काढून ठेवा.

फाईल व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते. आणि काम २४ वर केलं असेल तर एक्स्पोर्टही २४ वरच ठेवा. ३० वर काढलं की काही फ्रेम दोनदा दाखवून जागा भरली जाते, आणि तुम्ही मोजून ठेवलेले थांबे तिथेच बिघडतात.

आणखी एक. हॉलमध्ये लोक खरंच हसले तर ते दोन-तीन सेकंद हसतात आणि तेवढ्यात पुढचा संवाद बुडतो. "जीरावन कम है" जीभ फिरल्या-फिरल्या आलं तर कुणाला ऐकूच येणार नाही. जीभ आत गेल्यावर मिशाळाला थोडा वेळ चावू द्या. चावण्याची चारच चित्रं फिरवत ठेवायची असतात. हॉलसाठी त्याच्या दोन फेऱ्या जास्त घाला, फोनसाठी काढून टाका.